हौसेची गाडी भाड्याची, रोजची गाडी घरची

ठिकाण : जर्मनीतील न्युरबुर्गरिंगचा 'नॉर्डश्लाइफे' हा ट्रॅक. सुरुवात १९२७. लांबी सुमारे २०.८ किमी, चढ-उतार सुमारे ३०० मीटर.

प्रवेश : 'टूरिस्टेनफार्टेन' म्हणजे पर्यटक फेऱ्यांच्या वेळेत तिकीट काढून कोणालाही स्वतःची गाडी ट्रॅकवर नेता येते. त्या वेळी हा एकेरी टोल रस्ता असतो आणि वाहतुकीचे नियम लागू असतात. ओव्हरटेक डावीकडूनच करायचे. फेरीची वेळ मोजण्यास बंदी आहे.

भाड्याची गाडी : परिसरातील काही कंपन्या खास ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या देतात. साध्या स्विफ्टपासून पोर्शेपर्यंत पर्याय असतात. नवख्याने कमी ताकदीची गाडी घ्यावी. वळणे शिकायला तीच उत्तम.

सावधान : विमानतळावरून घेतलेली नेहमीची भाड्याची गाडी इथे आणू नका, करारात सहसा मनाई असते. अपघात झाल्यास तुटलेल्या कठड्याचा आणि ट्रॅक बंद राहिल्याचा खर्चही चालकाकडून वसूल होतो. विम्याची अट आधी वाचा.

भारतीयांसाठी : भारतीय परवान्यावर जर्मनीत सहा महिने गाडी चालवता येते, सोबत जर्मन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा.

हिशेब : स्पोर्ट्स कार विकत घेतली की विमा, रुंद टायर, ब्रेक आणि घसारा यांचा खर्च ती उभी असतानाही मागे लागतो किंवा वापरताच झपाट्याने वाढतो. भाड्यात तो एका दिवसापुरता राहतो. म्हणून कुटुंब, सामान आणि खड्डे पेलणारी गाडी विकत घ्यावी. वेगाची हौस मात्र ट्रॅकवर, मनसोक्त भागवावी.