फुटके भांडे, जळकी फळी आणि सौंदर्याचा प्रश्न

भंगार जोडून केलेल्या शिल्पाला कला का म्हणावे, असा प्रश्न विद्यार्थी मित्र मला अनेकदा विचारतात. हा प्रश्न केवळ कलेचा नाही, आपल्या इतिहासाचाही आहे. म्हणून त्याचा विचार थोडा मुळापासून केला पाहिजे.

वापरून टाकलेल्या, आयत्या सापडलेल्या वस्तू एकमेकींना जोडून जी रचना करतात, तिला असेंब्लाज म्हणतात. तिचे वेगळेपण असे की, त्यातली वस्तू आपला पूर्वेतिहास सोडून येत नाही. संगमरवरी पुतळ्यासमोर उभे राहिल्यावर खाणीतल्या मजुराची आठवण आपल्याला सहसा होत नाही. जळक्या दाराची फळी मात्र विचारायला लावते : हे घर कोणाचे? ते का जळले?

अमेरिकेत लॉस एंजलिसमधील वॉट्स या वस्तीत हा प्रश्न फार तीव्रपणे पुढे आला. कृष्णवर्णीयांनी शहरात कोठे राहावे हे तेथे दीर्घकाळ गोरे घरमालक ठरवीत. जमिनीच्या खरेदीखतातच कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी अट घालीत. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयीन अंमलबजावणी बंद केली. वस्त्यांच्या भिंती मात्र तशाच राहिल्या. १९६३ साली कॅलिफोर्नियाने घर देताना वंशभेद करू नये असा कायदा केला, तर १९६४ साली तेथील मतदारांनी तो सार्वमताने रद्द ठरविला. गावकुसाबाहेरचे जिणे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ऑगस्ट १९६५ मध्ये पोलिसांनी एका तरुणाला रस्त्यात अडविल्याचे निमित्त झाले आणि वॉट्स पेटले. सहा दिवसांत ३४ माणसे मेली, हजारावर जखमी झाली, सुमारे ४ कोटी डॉलरची मालमत्ता नष्ट झाली. प्रस्थापितांनी त्याला दंगल म्हटले. वस्तीतल्या अनेकांनी उठाव म्हटले.

त्याच वस्तीत नोआ प्युरिफॉय हा कृष्णवर्णीय कलावंत एका कलाकेंद्राचा संचालक होता. १९१७ साली अलाबामात जन्मलेल्या या माणसाने सुतारकाम केले होते, समाजकार्याचे आणि मग कलेचे शिक्षण घेतले होते. त्याचे केंद्र वॉट्स टॉवर्सच्या शेजारी होते. सायमन रोडिया या इटालियन स्थलांतरित कामगाराने १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षे एकट्याने राबून लोखंडी सळया, तारेची जाळी आणि सिमेंट यांचे हे मनोरे उभारले. त्यांत फुटक्या फरश्या, बाटल्यांच्या काचा, शिंपले जडवले. सर्वात उंच मनोरा शंभर फुटांच्या जवळपास आहे. टाकाऊ बांधकाम-साहित्यातून काय उभे राहू शकते याचा धडा वॉट्सच्या दारातच होता.

प्युरिफॉय आणि त्याचा सहकारी जडसन पॉवेल यांनी जळिताच्या ढिगाऱ्यातून तीन टन मोडतोड गोळा केली : जळके लाकूड, वाकलेले लोखंड, दुकानांच्या वितळलेल्या निऑन पाट्या. त्यातून इतर कलावंतांसह ६६ शिल्पे घडली आणि १९६६ साली 'सिक्स्टी-सिक्स साइन्स ऑफ निऑन' हे प्रदर्शन वस्तीतल्याच एका शाळेत भरले. ज्यांची वस्ती जळली त्यांनीच ते आधी पाहिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता आपल्याकडे वळू. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हा हे नाते उसने नाही. तरीही एक फरक विसरता येत नाही. मनुस्मृतीने चांडाळाला फुटक्या भांड्यात जेवायला, प्रेताची वस्त्रे नेसायला सांगितले. आपल्या वाट्याला आलेली मोडकी वस्तू हा अपघात नव्हता, तो कायदा होता. आजही शहराचा कचरा उचलणारे हात बहुतांशी कोणाचे आहेत हे आपण जाणतो. मग भंगाराचे गोडवे गाणे म्हणजे त्याच कायद्याला सोनेरी चौकट लावणे नव्हे काय?

धोका खरा आहे. झोपडीचा गंजका पत्रा कलादालनात टांगला, त्याच्या रंगांची वाहवा झाली आणि पत्र्याखाली राहणारा माणूस चौकटीबाहेरच राहिला, तर ती कला नव्हे, ती लूट आहे. गरिबी देखणी करणाऱ्या कलेला आपण नकारच दिला पाहिजे.

परंतु लादलेली वस्तू वापरणे वेगळे आणि तीच वस्तू पुरावा म्हणून मांडणे वेगळे. फुटके भांडे मुकाट्याने तोंडाला लावणे ही गुलामी. ते चौकात ठेवून 'हे कोणी दिले?' असे विचारणे हा विद्रोह. वस्तू तीच असते, तिच्याकडे पाहणारी जाणीव बदललेली असते. दलित आत्मकथनांनी भाषेच्या बाबतीत हेच केले. अशिष्ट म्हणून फेकलेले शब्द त्यांनी साक्षीला उभे केले.

कला एवढ्यावर जग बदलते असे मी म्हणत नाही. प्युरिफॉयनेही तसे मानले नाही. पुढे अनेक वर्षे शिल्प बाजूला ठेवून त्याने राज्याच्या कला परिषदेत काम केले आणि तुरुंगांसारख्या संस्थांत कला नेली. १९८९ नंतर तो वाळवंटात राहून २००४ साली मृत्यू येईपर्यंत पुन्हा टाकाऊ वस्तूंतून शिल्पे उभारीत राहिला.

शिक्षक मित्रांना माझे एक सांगणे आहे. वस्तीतल्या मुलांना झोपडीच्या एका भिंतीची यादी करायला सांगा. पत्रा कोठून आला, बांबू कितीला घेतला, फळी कोणत्या इमारतीच्या कामावरची, ताडपत्री किती पावसाळे टिकली, पाडापाडीनंतर यातले काय वाचले. त्या यादीतून मुलांना शहराची अर्थव्यवस्था कळेल, जातव्यवस्थाही कळेल. त्यानंतर त्या वस्तूंचे काय करायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.