डर्बीत ओतलेली, मुंबईत जोडलेली इमारत

इमारतीचे भाग कारखान्यात घडवायचे आणि जागेवर नेऊन केवळ जोडायचे, ही पूर्वरचित बांधकामाची पद्धत आज उड्डाणपुलांच्या गर्डरांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली असली, तरी मुंबईतील तिचे सर्वांत धाडसी उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचे असून ते काळा घोडा परिसरात अजून उभे आहे. आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू म्हणजे १८६७ ते १८७१ या काळात उभारलेले वॉटसन्स हॉटेल होय.

फोर्टचा तट पाडल्यानंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने ते बांधवले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा होता. लंडनच्या १८५१ मधील क्रिस्टल पॅलेसवर त्याने काम केलेले असल्यामुळे सुट्या भागांतून इमारत उभारण्याचे तंत्र त्याच्या हाताखालून गेलेले होते. सांगाडा डर्बी येथील फीनिक्स फाउंड्रीत तयार झाला.

त्या काळी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा खांब करताना आधी लाकडी नमुना घडवत, तो वाळूत दाबून साचा घेत आणि त्यात वितळलेला रस ओतत. थंड होताना बीड साधारण शंभरात एक भाग आकसते, म्हणून नमुना तेवढाच मोठा ठेवावा लागे. एका नमुन्यातून हवे तितके सारखे खांब निघत असल्याने इमारतीचे गाळेही एकसारखे आखता येत. परंतु बीड घणाखाली वाकत नाही, तडकते, आणि त्यामुळे बोल्टाचे भोक बोटभर जरी सरकले, तरी ती चूक मुंबईत ठोकून-वाकवून निस्तरण्यासारखी नव्हती. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला होईपर्यंत मालवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत, हे ध्यानात घेतले म्हणजे कागदावरच्या मोजमापावर किती भिस्त होती ते कळते.

या सांगाड्याचे खरे महत्त्व असे, की विटांच्या भिंती येथे भार पेलत नाहीत. त्या केवळ चौकटी भरून काढतात, आणि म्हणूनच प्रत्येक मजल्यावर रुंद, मोकळे सज्जे देता आले. चौकटीच्या बांधणीसाठी नावाजलेली शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग याच्यानंतरची, १८८५ ची होती. मुंबईत उत्तम काळा दगड आणि कसबी गवंडी असताना फरशीसुद्धा इंग्लंडहून आणण्याचा अट्टहास मात्र गरजेपेक्षा वसाहतवादी प्रतिष्ठेचा होता. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला.

हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे लहान गाळे झाले, देखभाल खुंटली आणि २००५ मध्ये पश्चिमेकडचे सज्जे कोसळले; पुढे इमारतच पाडून टाकण्याची शिफारसही झाली. परंतु सुट्या भागांची इमारत भाग बदलून दुरुस्त करता येते, ही शक्यता तिच्या बांधणीतच आहे. म्हणून पाडण्याचा विचार करण्यापूर्वी तिचा प्रत्येक खांब, तुळई आणि सांधा मोजून तपासला जावा, एवढी मागणी मुंबईकरांनी तरी लावून धरली पाहिजे.