तीस किलोमीटरवरचा वारा आणि मोसमी पाऊस

१९८७च्या भीषण दुष्काळानंतर दिल्लीतल्या हवामान खात्याने मोसमी पावसाचा अंदाज नव्या पद्धतीने वर्तवायला सुरुवात केली. १९८८चे हे ‘गोवारीकर मॉडेल’. डॉ. वसंत गोवारीकर तेव्हा दिल्लीत केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. मॉडेलमध्ये १६ निकष होते. एल निनो होता, हिमालयातला बर्फ होता, अर्जेंटिनातला हवेचा दाबही होता. आणि जानेवारीतला, जमिनीपासून तब्बल ३० किलोमीटर उंचीवरचा वाराही होता.

पावसाचे उंचात उंच ढगसुद्धा १५-१८ किलोमीटरच्या आसपास थबकतात. मग त्याहून कितीतरी वरच्या, कोरड्या स्थितांबरातल्या वाऱ्याचा पावसाशी संबंध काय?

उत्तरासाठी आधी हा वारा ओळखायला हवा. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखीची धूळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जात सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीभोवती फिरली. त्यामुळे विषुववृत्तावर इतक्या उंचीवर कायम पूर्वेचाच वारा असतो, असा समज झाला. पुढे वरची हवा मोजणाऱ्या फुग्यांच्या नियमित नोंदी जमल्या आणि १९६०च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड रीड, तर ब्रिटनमध्ये व्हेरियर्ड आणि एब्डन यांना वेगळेच चित्र दिसले. हा वारा आपली दिशा पार उलटी करतो. पूर्वेचा, मग पश्चिमेचा, पुन्हा पूर्वेचा, असा फेरा सरासरी २८ महिन्यांत पुरा होतो. नवी दिशा आधी वर उमटते आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर या गतीने खाली उतरते. या चक्राला बळ पुरवतात खालच्या वादळी ढगांतून वर जाणाऱ्या लहरी. पाऊस वाऱ्याला घडवतो तो असा.

वाऱ्याचा पावसावर होणारा परिणाम मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. पूर्वेचा वारा खाली उतरतो तेव्हा विषुववृत्तावर स्थितांबराचा तळ थंडावतो आणि उंच ढगांना वाढायला वाव मिळतो. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली भारतापुरते पाहिले, तर पूर्वेचा वारा जोरात असलेल्या वर्षी मोसमी पाऊस कमी पडल्याचे आढळले. या दोहोंची सांगड अजून नीट बसलेली नाही, आणि संशोधनाची खरी गरज आहे ती इथेच.

नीट न उलगडलेल्या अशा नात्यांवर विसंबण्याची किंमत २००२ साली कळली. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. जुलैत मात्र सरासरीच्या निम्माच पाऊस झाला आणि हंगाम १९ टक्के तुटीत गेला. २००३मध्ये खात्याने निकष बदलून नवी मॉडेल्स आणली. आकडेवारीतले जुने नाते कायम टिकतेच असे नाही. खुद्द वाऱ्याचे चक्रही २०१६च्या सुरुवातीला विस्कटले. १९५३पासूनच्या नोंदींत असे प्रथमच घडले. २०२०मध्ये ते पुन्हा विस्कटले.

आता दिल्लीला लागून असलेल्या नोएडातल्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात संगणक स्थितांबरासह वातावरणाचे गणित मांडतात. त्या गणितालाही वरच्या हवेची प्रत्यक्ष मोजमापे लागतात. म्हणून फुगे सोडण्याच्या खर्चात काटकसर करणे देशाला परवडणार नाही.