दशावताराचा पखवाज आणि घरातला सबवूफर

मालवण परिसरातील दशावतारात पायपेटी, झांज आणि पखवाज एवढाच वाद्यमेळ असला, तरी पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या पुडीचा घुमारा घरच्या स्टिरिओची खरी परीक्षा पाहतो, कारण बहुतेक लहान स्पीकर खर्जात दमतात आणि ते काम सबवूफरकडे, म्हणजे केवळ खर्जासाठी घडवलेल्या स्पीकरकडे, सोपवावे लागते.

या वाटणीची सीमा, म्हणजे क्रॉसओव्हर, साधारणपणे 80 हर्ट्झवर, अर्थात सेकंदाला 80 कंपनांवर, ठेवतात. ती फार वर नेल्यास पखवाज मंच सोडून कोपऱ्यात जाऊन बसल्यासारखा वाटतो.

80 हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे 4.3 मीटर लांब असल्याने चिऱ्याच्या जाड भिंतींवरून परतून ती स्वतःलाच भिडते, त्यामुळे एका जागी खर्ज फुगतो, तर दोन पावलांवर विरतो.

म्हणून सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवून भिंतीलगत रांगत फिरावे (दृश्य हास्यास्पद असते, उपाय नव्हे) आणि जेथे प्रत्येक थाप सुटी ऐकू येईल तेथे तो मांडावा.

शेवटी फेजची कळ, जी सबवूफर आणि लहान स्पीकर यांच्या पडद्यांच्या हालचालीचा मेळ साधते, थाप सर्वांत भरीव वाटेल तेथे ठेवावी.