गाभण मेंढीच्या पोटातील कोकराची वाढ

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिरायत भागात दख्खनी मेंढी हेच अनेक कुटुंबांचे भांडवल होय. ही मेंढी एका वेतास बहुधा एकच कोकरू देते. नीरेपलीकडे फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. या गुणाच्या मुळाशी असलेला जनुकातील बदल २००१ मध्ये ओळखला गेला. त्याची एक प्रत अंगी असली तरी मेंढीच्या माजाला बहुधा दोन बीजे सुटतात. परंतु बीजे दोन सुटली म्हणजे दोन कोकरे पदरी पडली, असे मात्र नव्हे.

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. फळल्यानंतर तीन-चार दिवसांनी गर्भ गर्भाशयात उतरतो आणि पंधरा-सोळाव्या दिवसापासून त्याच्या भिंतीस हळूहळू धरू लागतो. म्हणून पहिल्या महिन्यात कळपाची लांब मजल व कुत्र्यांची पळापळ टाळावी. गर्भाचे पोषण करणारी वार मेंढीमध्ये एकसंध नसते. ती अनेक लहान गाठींनी गर्भाशयाला जोडलेली असते. तिची वाढ तिसऱ्या महिन्याअखेर जवळजवळ पुरी होते. त्या वेळी कोकरू मात्र अगदी लहान असते. त्याच्या जन्मवजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शेवटच्या दीड महिन्यात भरतो.

महिनाभरानंतर नर-मादी हा भेद गर्भाच्या अवयवांत उमटू लागतो. नराचे वृषण पोटात तयार होऊन जन्मापूर्वीच पिशवीत उतरतात. मादीची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पुढे जन्मभर पुरणारा बीजांचा साठा तिच्या अंडाशयात आईच्या पोटी असतानाच तयार होतो. स्कॉटलंडमधील प्रयोगात फळल्यापासून सुमारे तीन महिने अर्धपोटी ठेवलेल्या मेंढ्यांच्या मुलींना मोठेपणी बीजे कमी सुटली. आजीची उपासमार अशी नातवंडांच्या संख्येत दिसते. पोट दिसत नाही म्हणून पहिल्या तीन महिन्यांत मेंढी दुर्लक्षिण्याची रीत आहे, ती म्हणूनच महाग पडते.

आषाढात फळलेली मेंढी मार्गशीर्षात विते. म्हणजे शेवटचा दीड महिना आश्विनअखेर ते कार्तिक असा येतो, आणि नेमके त्याच सुमारास अनेक वाडे चाऱ्यासाठी घाटाखाली निघतात. वाटेवर चराई पुरी पडेलच असे नाही. अशा मेंढीला या काळात रोज २०० ते ३०० ग्रॅम मक्याचा भरडा व शेंगपेंड यांचा खुराक द्यावा. जुळी असल्याचा संशय असेल तर तो थोडा-थोडा दोन वेळा विभागून द्यावा, कारण दोन गर्भांच्या दाबाने पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. जुळ्यांची गाभण मेंढी अखेरच्या आठवड्यांत चारा सोडून कळपामागे रेंगाळू लागली, मान टाकू लागली अथवा तिला दिसेनासे झाले, तर ती खुराकाअभावी अंगची चरबी जाळीत आहे असे समजावे. तिला गुळाचे पाणी पाजावे व त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मेंढी व्याल्यावर दोन्ही कोकरे उभी राहून चीक प्याली की नाही, हे तासाभरात पाहावे. दुबळे कोकरू बहुधा मागे राहते. त्याला हाताने सडाशी धरावे.