जिममध्ये पर्सनल ट्रेनरला ग्राहक कसे मिळतात?

आमच्या शाळेतून शिकून गेलेली काही मुले आज जिममध्ये ट्रेनर आहेत. रस्त्यात भेटली की तक्रार एकच, "सर, पगारात भागत नाही, पीटी मिळत नाही." पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग. बऱ्याच जिममध्ये ट्रेनरचा ठरलेला पगार थोडाच असतो. खरी कमाई पीटीच्या फीमधल्या वाट्यातून होते. म्हणजे हा प्रश्न थेट घरखर्चाचा आहे.

पहिली गोष्ट, ग्राहक समोरच असतो. नवीन माणूस फी भरून येतो, पण कोणते मशीन कसे चालवायचे हे त्याला माहीत नसते आणि विचारायला तो लाजतो. कोपऱ्यात मोबाईल बघत उभ्या असलेल्या ट्रेनरकडे तो कशाला जाईल? आपणच पुढे व्हा. सलाम-नमस्कार करा, नाव लक्षात ठेवा. स्क्वॅट चुकत असेल तर दोन मिनिटे दाखवून द्या. त्या दिवशी फीचा विषय काढूच नका.

दुसरी गोष्ट, आधी विचारा, मग सांगा. शुगर, बीपी, गुडघेदुखी, जुने ऑपरेशन आहे का? असेल तर आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगा. पीटी फक्त बॉडी बनवणाऱ्या पोरांसाठी नसते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पन्नाशीतले चाचा आणि बाळंतपणानंतर वजन वाढलेली बहीणही तुमचे ग्राहक आहेत. लेडीज बॅचला तर महिला ट्रेनरच हवी असते. आपल्या मुलींनीही या कामाचा विचार करावा.

तिसरी गोष्ट, वही ठेवा. वजन, कंबर, उचललेले किलो, सगळे तारखेनुसार लिहा. फरक डोळ्यांना दिसला की तोच ग्राहक भावाला, शेजाऱ्याला घेऊन येतो. रमजानमध्ये वेळ बदलून हलका व्यायाम दिला तर महिनाभराची सुट्टी पडत नाही.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. "महिन्यात बॉडी" असे वचन देऊन इंजेक्शन विकू नका. स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे, आणि त्याने हृदय व लिव्हर बिघडू शकते. कमिशन एकदाच मिळते. एका घरातला मुलगा आजारी पडला, तर अख्खा मोहल्ला तुमच्याकडे पाठ फिरवतो.