पेन्शनचा आकडा येतो कुठून?

मोठ्या कंपनीत पगाराचा हिशेब एका संगणकावर, गोदामातला माल दुसऱ्यावर आणि विक्री तिसऱ्यावर नोंदलेली असते. साहेबांना मात्र सगळे एकाच पानावर हवे असते. आम्हा संगणकवाल्यांचा निम्मा जन्म हे पान जुळवण्यात जातो. नेदरलँड्समध्ये असेच एक पान आपल्या प्रत्येकासाठी तयार होते. ते उघडण्याचा मात्र आपल्याला कंटाळा.

'मैनपेन्शूनओव्हरझिख्त' हे संकेतस्थळ २०११ साली सुरू झाले. डिजिडीने आत शिरलात की ते तुमच्या बीएसएन क्रमांकावरून पेन्शन फंड, विमा कंपन्या आणि एसव्हीबी यांच्याकडे चौकशी करते व आलेली उत्तरे एकत्र मांडते. स्वतःजवळ काही साठवत नाही. नावावरून शोधायचे म्हटले असते, तर आपल्या आडनावांच्या स्पेलिंगांनीच त्याची दमछाक झाली असती!

जुळवलेले पान त्यातल्या सर्वांत शिळ्या आकड्याइतकेच ताजे असते. नोकरी बदलली की नवी कंपनी फंडाला कळवणार, मग फंड हिशेब करणार. त्याला वेळ लागतो. म्हणून रकमेआधी तारीख पाहावी.

पानावर काय नाही, तेही पाहावे. भारतातला प्रॉव्हिडंट फंड तिथे दिसणार नाही. सरकारी एओडब्ल्यू पेन्शनसाठी निवृत्तीच्या वयाआधीची ५० वर्षे धरतात, दर वर्षाला २ टक्के. निवृत्तीचे वय ६७ मानले, तर ३२ व्या वर्षी इथे आलेल्याला, मध्ये देश न सोडता, ३५ वर्षांचे ७० टक्केच मिळतील. पती-पत्नी वेगवेगळ्या वर्षी आले असतील, तर दोघांचा हिशेब वेगळा. एसव्हीबीकडे तुमची आगमनाची तारीख बरोबर आहे ना, याची खात्री करून घ्या.

हे सगळे आताच का? नवा पेन्शन कायदा १ जुलै २०२३ पासून लागू झाला असून फंडांना १ जानेवारी २०२८ पर्यंत नव्या पद्धतीत जायचे आहे. बहुतेक फंड जुने हक्कही त्यात वर्ग करतात. वर्ग करताना चुकीची नोंद चुकीचीच पुढे जाते, हे आमच्या धंद्यातले रोजचे दुखणे.

एखादी जुनी नोकरी दिसत नसेल, तर संकेतस्थळाला लिहून उपयोग नाही. दुरुस्ती मूळ फंडातच होते. त्या काळच्या पगारपावत्या आणि फंडाचे वार्षिक पत्रक जोडून थेट त्यांना लिहा. पावत्या माळ्यावरच्या खोक्यात असतील, तर खोके खाली काढा.